पॉडकास्ट विका, पण त्यातले आवाज कोणाचे?

चळवळीच्या माणसाने स्वतःच्या हाताने उभा केलेला पॉडकास्ट विकावा काय? वीस वर्षांपूर्वी हा प्रश्न संभवतच नव्हता. तेव्हा आपल्याजवळ विकण्यासारखे होते तरी काय? कर्ज काढून घेतलेले छपाईयंत्र, थकलेल्या वर्गणीची वही आणि दोरीने बांधून ठेवलेले जुने अंक. त्यांना रद्दीवाल्याखेरीज गिऱ्हाईक नव्हते. आज गिऱ्हाईक आहे. २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि ज्यांना छापखाना कधीच परवडला नसता अशा पोरांच्या हाती एक साधन आले. ताडीवाला रोड असो, दापोडी-बोपोडी असो, येरवडा असो की पर्वतीखालची जनता वसाहत असो, एक मोबाइल, एक माईक आणि रात्रीची शांत खोली एवढ्या भांडवलावर कार्यक्रम सुरू करता येतो. कोणी नामांतराच्या लढ्यातल्या कार्यकर्त्याला बोलते करतो, कोणी जुन्या शाहिराची गाणी रेकॉर्ड करून ठेवतो, कोणी गावच्या अत्याचाराची हकिकत पीडिताच्या तोंडून ऐकवितो.

(ज्या वडीलधाऱ्या वाचकांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: पॉडकास्ट म्हणजे रेडिओसारखा बोलण्याचा कार्यक्रम. फरक एवढाच की आकाशवाणीची वेळ गाठावी लागत नाही. हवा तेव्हा, हवा तो भाग मोबाइलवर ऐकता येतो. आणि तो प्रसारित करायला कोणाच्या परवान्याची गरज लागत नाही.)

असा कार्यक्रम चार-पाच वर्षे नेटाने चालला, ऐकणारे वाढले, की एक दिवस एखाद्या कंपनीचा निरोप येतो. नाव आम्हाला द्या, जुने सगळे भाग द्या, तुम्ही पगारावर राहा, वर एकरकमी पैसे घ्या. ज्याने आजवर नोकरी सांभाळून, घरच्यांची बोलणी खाऊन, पदरचे पैसे घालून हे काम केले त्याच्यासमोर प्रथमच कोणी त्याच्या कामाची किंमत मांडतो. त्याने काय करावे?

यावर आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर: विकला म्हणजे गद्दार झाला. दुसरे उत्तर: त्याची मेहनत, त्याचा माल, त्याने विकावा, समाजाचा संबंध काय? आम्हाला दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. पहिले उत्तर देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या कार्यक्रमाला कधी एक रुपया दिलेला नसतो. आणि दुसरे उत्तर देणाऱ्याने त्या 'माला'त काय भरले आहे हे कधी उघडून पाहिलेले नसते.

याच पुणे शहरात हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी एका माणसापुढे उभा राहिला होता. त्याचे नाव कृष्णराव पांडुरंग भालेकर. राहणारे भांबुर्ड्याचे, म्हणजे आजच्या शिवाजीनगरचे. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ ची. त्यानंतर चार वर्षांनी, १ जानेवारी १८७७ रोजी, भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधू' हे साप्ताहिक सुरू केले. 'केसरी' निघायला अजून चार वर्षे अवकाश होता. शेतकऱ्याचे, कष्टकऱ्याचे, शूद्रातिशूद्रांचे म्हणणे मांडणारे पत्र पुण्यात 'केसरी'च्या आधी निघाले, हे पत्रकारितेचा इतिहास शिकविणारे सोयीस्करपणे विसरतात. पण पत्र काढणे वेगळे आणि चालविणे वेगळे. ज्यांच्यासाठी पत्र होते त्यांना बहुतांशी वाचता येत नव्हते, ज्यांना वाचता येत होते ते वर्गणी देणार नव्हते. भालेकरांना पैशाचा मेळ बसेना. शेवटी १८८० साली 'दीनबंधू' पुणे सोडून मुंबईला गेले आणि नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हाती आले.

त्या वेळी कोणी भालेकरांना गद्दार म्हटले असेल तर म्हणो. पुढे काय झाले ते पाहा. लोखंड्यांच्या हाती 'दीनबंधू' गिरणी कामगारांचे पत्र झाले. १८८४ साली त्यांनी मुंबईत मिल हँड्स असोसिएशन उभारली. १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, त्या लढ्याच्या पाठीशी हे पत्र होते. भालेकरांनी हट्टाने ते पुण्यात धरून ठेवले असते तर कदाचित आणखी वर्ष-दोन वर्षांत बंद पडले असते, आणि आज आपण त्याचे नाव घेतले असते की नाही याची शंकाच आहे. पुण्यातच शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढले, मुरळी सोडण्याच्या अनिष्ट प्रथेवर त्यातून प्रहार केले. ते काही वर्षांतच थांबले. त्याला लोखंडे मिळाले नाहीत.

तेव्हा हस्तांतर हे पाप नाही. साधन मरू देण्यापेक्षा सक्षम हाती देणे हे केव्हाही शहाणपणाचे. परंतु 'दीनबंधू'च्या गोष्टीचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही, आणि तोच आजच्या प्रश्नाला अधिक लागू आहे. जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. त्याचे पहिले दोन भाग 'दीनबंधू'ने छापले आणि पुढचे छापायचे थांबविले. लोखंडे काही परके नव्हते. ते सत्यशोधक होते, जोतीरावांचे अनुयायी होते. तरीही खुद्द जोतीरावांचे लिखाण अर्ध्यावर थांबले आणि जोतीराव त्यावर चांगलेच संतापले. सांगायचे ते एवढेच की मालकी आपल्या माणसाच्या हाती गेली तरी काय छापायचे आणि काय नाही हे तोच ठरवितो. मग ज्याचा चळवळीशी सुतराम संबंध नाही, ज्याला फक्त श्रोत्यांचा आकडा हवा आहे, त्याच्या हाती मालकी गेली तर काय होईल, याचा हिशेब विकणाऱ्याने आधीच करून ठेवावा.

असे झालेलेही आहे. अमेरिकेत २०१४ साली सुरू झालेली गिमलेट नावाची पॉडकास्ट कंपनी स्पॉटिफायने २०१९ साली सुमारे २३ कोटी डॉलरला विकत घेतली. त्या वेळी केवढे कौतुक झाले! तीन वर्षांत, २०२२ साली, तिचा सर्वांत गाजलेला 'रिप्लाय ऑल' हा कार्यक्रम संपला, आणखी कार्यक्रम गुंडाळले गेले, आणि २०२३ साली दोनशे माणसांना कामावरून काढून ती कंपनीच दुसऱ्या विभागात विलीन केली गेली. घेणाऱ्याला कार्यक्रम हवे होते की बाजारातली जागा, याचे उत्तर कर्मचाऱ्यांना घरी बसल्यावर कळले. आपल्या राज्यातही असे व्यवहार होतात. मुंबईची आयव्हीएम ही पॉडकास्ट कंपनी २०२० साली बेंगळुरूच्या प्रतिलिपीने घेतली. प्रत्येक व्यवहाराचा शेवट वाईटच होतो असे आमचे म्हणणे नाही.

मात्र एनडीटीव्हीचे उदाहरण प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे. मालकांनी २००९ साली सुमारे ४०० कोटींचे कर्ज घेतले. त्या कर्जाच्या कागदातच असे कलम होते की कर्ज देणाऱ्याला हवे तेव्हा कर्जाचे रूपांतर मालकीत करता यावे. तेरा वर्षे ते कलम कागदात झोपून राहिले. २०२२ साली कर्ज देणारी कंपनीच अदानी समूहाने घेतली आणि ते कलम जागे झाले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेर रवीश कुमार राजीनामा देऊन बाहेर पडले. विक्री ज्या दिवशी झाली असे लोकांना वाटले त्याच्या तेरा वर्षे आधीच सही झालेली होती. आपल्या पोरांना कोणी 'आत्ता विकू नका, फक्त मदत घ्या, एवढ्या कागदावर सही करा' असे सांगितले तर त्यांनी हे आठवावे.

आता मूळ मुद्दा. पॉडकास्ट विकला म्हणजे नेमके काय विकले? माईक आणि लॅपटॉप विकला तर त्याबद्दल कोणी काही बोलणार नाही. तुमचे स्वतःचे निवेदन, तुमची मेहनत, तुम्ही शोधलेले नाव, तेही तुमचे. पण चळवळीच्या पॉडकास्टमध्ये निवेदकाचा आवाज थोडा आणि इतरांचा फार असतो. ज्या आजीने दीक्षेच्या दिवसाची आठवण सांगितली तिने ती कंपनीला सांगितली नव्हती. ती म्हणाली असेल, 'बाळा, नातवंडांना कळू दे.' शाहिराने मानधन मागितले नाही, कारण हे काम बाबासाहेबांचे आहे असे त्याला वाटले. या माणसांनी दिले ते विश्वासाने दिले, आणि विश्वासाने दिलेली वस्तू परस्पर विकता येत नाही. नीतीने येत नाहीच, कायद्यानेही पूर्णपणे येत नाही.

कायदा काय म्हणतो हे आमच्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे, कारण समोरचा माणूस वकील घेऊन येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क मुद्रण घडवून आणणाऱ्याचा असतो. परंतु त्यातल्या गाण्याचे शब्द रचणाऱ्याचे, चाल चाल बांधणाऱ्याची, आणि गाणाऱ्याला, शाहिराला, व्याख्यान देणाऱ्याला कलावंत म्हणून स्वतंत्र हक्क आहेत. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी सही लागते. किती वर्षांसाठी दिला हे लिहिले नसेल तर पाच वर्षे धरली जातात. कोठल्या प्रदेशासाठी हे लिहिले नसेल तर भारतापुरता धरला जातो. हक्क विकल्यावरही आपले नाव आपल्या कृतीवर राहावे आणि कृतीची मोडतोड होऊन आपल्या लौकिकाला बाधा येऊ नये, हा कर्त्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे शिल्लक राहतो. कॅसेटच्या जमान्यात आपल्या गायक-गीतकारांना हे ठाऊक नव्हते. भीमगीतांच्या कॅसेटी १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला हातोहात खपत. लिहिणाऱ्या-गाणाऱ्याच्या हाती एकदाचे मानधन पडे आणि पुढची कमाई दुसऱ्याची. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला वाटा सोडून देता येणार नाही असे केले, पण तोवर एक अख्खी पिढी गेली होती. तीच गोष्ट आपण आता पॉडकास्टच्या नावाने पुन्हा करणार काय, आणि तीही आपल्याच हातांनी?

२०१२ च्या त्याच दुरुस्तीत आणखी एक गोष्ट आहे. करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा हक्क करारात स्पष्ट लिहिल्याशिवाय जात नाही. याचे महत्त्व आज कळते. यंत्राला माणसासारखे बोलायला शिकविण्यासाठी आता आवाजाच्या साठ्यांना किंमत आली आहे. मराठवाड्यातल्या म्हातारीची बोली, विदर्भातल्या कार्यकर्त्याचे हेल, हे सगळे तासन्‌तास स्वच्छ रेकॉर्ड केलेले एकाच ठिकाणी मिळत असेल तर घेणाऱ्याला तुमच्या विचारांशी कर्तव्य नसले तरी चालते. म्हणून करारात 'सर्व माध्यमे, आजची व उद्याची' असे शब्द आले की पेन खाली ठेवावे.

त्याहून नाजूक बाब अत्याचाराच्या हकिकतींची. प्रसारित झालेल्या भागात नावे वगळलेली असतात, पण मूळ रेकॉर्डिंगमध्ये ती असतात. गाव असते, साक्षीदार असतो, कोण कोणाला काय म्हणाला ते असते. खटला चालू असताना असे रेकॉर्डिंग कोणत्या कपाटात जाईल याची हमी कोण देणार? श्रोत्यांच्या मोबाइल नंबरांची यादीही तशीच. ती कार्यक्रमाचा निरोप देण्यासाठी घेतली होती. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदाही ज्या कारणासाठी संमती घेतली त्याच कारणापुरता वापर असे तत्त्व मानतो. पण कायद्याआधी आपल्याला अक्कल आहे ना? कोणत्या वस्तीत कोण चळवळीचे ऐकतो याची यादी बाजारात मांडायची वस्तू आहे काय?

मग विकणाऱ्याच्या तोंडाचे काय? करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम २७ प्रमाणे कोणाला त्याचा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल असतो. पण त्याला एक अपवाद आहे: धंद्याची पत, म्हणजे ज्याला व्यवहारात गुडविल म्हणतात ती, विकली तर विकणाऱ्याने ठरावीक हद्दीत तसाच धंदा करू नये अशी वाजवी अट घालता येते. अर्थ असा की 'गुडविलसह विक्री' असा शब्द लिहिलात तर उद्या पगार बंद झाल्यावर दुसऱ्या नावाने बोलायला बसलात तरी नोटीस येऊ शकते. त्याऐवजी काही वर्षांपुरता प्रसारणाचा परवाना दिला, मालकी आपल्याकडे ठेवली, तर पैसे कमी मिळतील; तोंड मात्र आपले राहील. आमचा कौल परवान्याच्या बाजूने आहे. ज्याला पूर्ण विक्रीच करायची आहे त्याने स्वतःच्या निवेदनाचे भाग विकावेत, लोकांच्या मुलाखती, गाणी, कच्चे रेकॉर्डिंग आणि श्रोत्यांच्या याद्या करारातून बाहेर काढाव्यात. एवढ्यावर गिऱ्हाईक निघून गेले तर त्याला काय हवे होते ते समजले म्हणायचे.

येथवर विकणाऱ्याला सांगितले. आता ऐकणाऱ्यांना चार शब्द सुनावणे भाग आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढले तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. 'केसरी'ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही, हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. पण 'बहिष्कृत भारत' कशामुळे थांबले हे सांगताना आपला आवाज खाली जातो. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्याने लिहून काढणाऱ्या बाबासाहेबांना १९२८ साली आपल्याच समाजाला विचारावे लागले की या पत्राचे काही देणे तुम्ही लागता की नाही. पुढच्याच वर्षी पत्र बंद झाले. ते 'केसरी'ने बंद पाडले नाही. बॅरिस्टर, प्राध्यापक, अखिल महाराष्ट्राला ठाऊक असलेला पुढारी जिथे वर्गणीदारांच्या उदासीनतेपुढे थकला, तिथे दापोडीतल्या एका पोराने नोकरी करून पाच वर्षे कार्यक्रम चालविला आणि सहाव्या वर्षी विकायचा विचार केला तर त्याला शिव्या देण्याचा अधिकार कोणाला आहे?

हिशेब फार मोठा नाही. शंभर श्रोत्यांनी महिन्याला पन्नास रुपये दिले तर पाच हजार होतात. एका छोट्या कार्यक्रमाचे होस्टिंग, इंटरनेट, प्रवास आणि संकलन करणाऱ्या पोराचे थोडेफार मानधन त्यात भागते. १ जानेवारीला भीमा कोरेगावला आपण जेवढा खर्च एका दिवसात बॅनरवर करतो त्याचा काही हिस्सा इकडे वळला तरी पुण्यातले चार कार्यक्रम वर्षभर चालतील. बॅनर दुसऱ्या दिवशी महापालिका काढून नेते.

ज्यांच्यापाशी संख्या आहे त्यांनी सहकारी संस्था करावी किंवा सार्वजनिक न्यास नोंदवावा, असे काही जण सुचवितात. सूचना चांगली आहे, पण न्यास केला म्हणजे सगळे सुरक्षित झाले असे समजू नये. दादरचे आंबेडकर भवन आणि त्यातला बुद्धभूषण प्रेस जून २०१६ मध्ये एका रात्रीत पाडला गेला तेव्हा तेथे ट्रस्ट होताच. वाद ट्रस्टची मालकी मोठी की समाजाची, हाच होता. बाबासाहेबांच्या छापखान्याचे जिथे असे झाले तिथे आपल्या हार्ड डिस्कची काय कथा! म्हणून विक्री होवो वा न होवो, प्रत्येक मूळ रेकॉर्डिंगची एक प्रत त्या बोलणाऱ्याच्या घरी आणि एक प्रत एखाद्या विश्वासू ग्रंथालयात असली पाहिजे. कार्यक्रमाचे फीड आणि लॉगिन एका माणसाच्या खासगी ईमेलवर न ठेवता दोघा-तिघांच्या ताब्यात असावे. गूगलने आपले पॉडकास्टचे ॲप २०२४ साली बंदच केले. ज्यांनी प्रती जपल्या होत्या आणि फीड आपल्या हाती ठेवले होते त्यांचे काही बिघडले नाही.

आणि ज्याच्यापुढे करार आजच येऊन पडला आहे त्याने सही करण्यापूर्वी एक आठवडा मागून घ्यावा. त्या आठवड्यात ज्यांचे ज्यांचे आवाज त्या कार्यक्रमात आहेत त्यांच्या घरी जाऊन तो कागद मराठीत वाचून दाखवावा. कंपनीचे नाव सांगावे, रक्कम सांगावी, आणि त्यातले त्यांना काय मिळणार तेही सांगावे. जी व्यक्ती हयात नाही तिच्या मुलांना विचारावे. जे हो म्हणतील त्यांची लेखी संमती घ्यावी, त्यांचा वाटा ठरवावा. जे नको म्हणतील त्यांचा भाग काढून घ्यावा आणि उरलेल्याचा भाव करायला बसावे.